‘० चुका’ आणि ० तपासणी: डॉक्स तपासणाऱ्या एजंटच्या टूल-वर्णनांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमची टीम पुण्यातली, नऊ जणांची. नगरपंचायती आणि ग्रामपंचायतींसाठी पाणीपट्टीची बिलं, पावत्या आणि थकबाकी सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. डॉक्स, म्हणजे सॉफ्टवेअर कसं बसवायचं-वापरायचं ते सांगणारं लिखाण, दोन भाषांत आहेत. इन्स्टॉलेशन आणि एपीआयचा (इतर प्रोग्रामनी आमच्या सॉफ्टवेअरशी बोलायच्या सोयीचा) भाग इंग्रजीत, आणि गावपातळीवरच्या ऑपरेटरसाठीची पुस्तिका मराठीत. ही सगळी डॉक्स माझ्याकडे. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. घडलं ते असंच.)

दर रिलीजला डॉक्स मागे पडतात, हे कुठल्याही टीमला सांगावं लागत नाही. कोड बदलतो, रीडमी (सॉफ्टवेअरची ओळख करून देणारी फाइल) तसाच राहतो. म्हणून आम्ही एक एजंट बसवला, म्हणजे दिलेल्या टूल्समधून स्वतः निवड करत काम करणारं एआय मॉडेल. शुक्रवारी रात्री तो डॉक्सचं फोल्डर उघडायचा, हाताशी असलेली टूल्स वापरून तपासणी करायचा आणि सोमवारी सकाळी माझ्यासाठी अहवाल तयार असायचा.

टूल्स, म्हणजे एजंटने बोलवायचे छोटे प्रोग्राम, पाच होती, एमसीपी सर्व्हरवरून दिलेली. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत), अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला. पुढचं समजायला त्यातली एकच गोष्ट पुरे: मॉडेलला टूलचा कोड दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कुठली पॅरामीटर्स (टूलला पुरवायची माहिती) द्यायची याचा आराखडा. नव्या माणसाला कपाटाची किल्ली न देता नुसतं कपाटावरचं लेबल वाचायला सांगावं, तसं.

ती पाच टूल्स: ‘डॉक्स-व्हॅलिडेट’, ‘डॉक्स-लिंट’ (लिंट म्हणजे लिखाणातल्या छोट्या चुका आणि विसंगती शोधणं), ‘लिंक-चेक’, ‘उदाहरण-चालवा’ आणि ‘आवृत्ती-जुळणी’. वर्णनं इंग्रजीत, एकेका वाक्याची. आमच्या बॅकएंडवाल्याने कोड लिहिता लिहिता वरच्या कॉमेंटमधून उचलून टाकलेली. मी ती एकदा नजरेखालून घातली होती. व्याकरण ठीक होतं, म्हणून पुढे गेले.

अडचण

एका रिलीजनंतर तालुक्याच्या गावातून फोन आला. ऑपरेटर ताई पुस्तिकेत बघून बॅकअप परत चढवत होत्या. पुस्तिकेत लिहिलं होतं: ‘आदेश दिल्यावर प्रोग्राम आधीच्या नोंदी पुसू का असं विचारेल, तिथे नाही म्हणा.’ नव्या आवृत्तीत तो प्रश्नच काढून टाकला होता. प्रोग्रामने काही विचारलं नाही आणि सरळ नोंदी पुसल्या. सकाळपासून भरलेल्या पावत्या गेल्या. पावती पुस्तकाची कार्बन प्रत होती म्हणून ताईंनी दुपारी त्या पुन्हा भरल्या. फोनवर त्या चिडल्या नव्हत्या. “मॅडम, तुमच्या पुस्तकात लिहिलंय तसंच केलं मी,” एवढंच म्हणाल्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी आधीच्या सोमवारचा अहवाल उघडला. त्यात होतं: ‘मराठी पुस्तिकेतली सर्व उदाहरणं चालवून पाहिली. त्रुटी आढळल्या नाहीत.’

मग रात्रीचा लॉग, म्हणजे एजंटने काय काय केलं त्याची नोंद, काढला. एजंटने त्या पुस्तिकेवर ‘उदाहरण-चालवा’ बरोबर बोलावलं होतं. फाइलही बरोबर दिली होती. टूलने परत पाठवलं होतं: ‘अयशस्वी: ०’.

हे टूल मार्कडाउनमधल्या (डॉक्स ज्या साध्या खुणांच्या मजकुरात लिहितात त्यातल्या) ज्या चौकटींवर ‘बॅश’ (आदेश चालवणाऱ्या प्रोग्रामचं नाव) असं लेबल आहे, तेवढ्याच चालवतं. मराठी पुस्तिका एका बाहेरच्या भाषांतरकाराकडून आली होती आणि येताना सगळी लेबलं गळून पडली होती. म्हणजे टूलने एकही उदाहरण चालवलं नव्हतं, आणि न चालवलेल्यांपैकी एकही नापास झालं नव्हतं. टूल खोटं बोललं नाही. एजंटनेही, त्याला जे सांगितलं होतं त्यावरून, फार वावगं काही केलं नाही. वर्णनात लिहिलं होतं, ‘दिलेल्या फाइलमधली उदाहरणं चालवून चुका कळवतं.’ शून्य चुका, म्हणजे सगळं ठीक.

त्याच लॉगमध्ये आणखी दोन गोष्टी सापडल्या. पहिली, ‘डॉक्सची व्हॅलिडिटी तपास’ असं सांगितलं की एजंट हमखास ‘डॉक्स-व्हॅलिडेट’कडे धावत होता, कारण नावातच तो शब्द आहे. हे टूल करतं काय? रीडमी, चेंजलॉग (आवृत्तीगणिक झालेल्या बदलांची नोंद), लायसन्स या फाइली आहेत का आणि त्यांत ठरलेली शीर्षकं आहेत का, एवढंच बघतं. आतला मजकूर खरा की खोटा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: ‘डॉक्स-लिंट’ नुसतं तपासत नव्हतं, फाइल बदलतही होतं. ‘दुरुस्त करा’ हे पॅरामीटर मुळातच चालू ठेवलेलं होतं आणि वर्णनात त्याचा उल्लेखच नव्हता. एमसीपीमध्ये टूल फक्त वाचतं की काही बदलतंही, हे कळवायला वेगळ्या खुणा आहेत. आम्ही त्या भरल्याच नव्हत्या. भरल्या असत्या तरी त्या सूचनावजाच असतात, त्यांनी टूलचा हात धरला जात नाही.

समोरचे पर्याय

मंगळवारी तासभर बसलो. चार मार्ग निघाले.

मोठं मॉडेल घ्यायचं, हा पहिला. त्याच संध्याकाळी करून पाहिलं. मोठ्या मॉडेलने ‘अयशस्वी: ०’ पाहून दोनदा फाइल स्वतः उघडून खात्री केली, तिसऱ्यांदा नाही केली. खर्च वाढणार तो वेगळाच.

दुसरा मार्ग सूचनांमध्ये दम भरण्याचा. ‘अत्यंत काळजीपूर्वक तपास, खात्री नसेल तर तसं सांग.’ एकाने हे ठळक अक्षरांत लिहिलं. परिणाम गमतीचा झाला. एजंट प्रत्येक कामाला पाचही टूल्स बोलावू लागला आणि अहवाल आणखी ठामपणे लिहू लागला, कारण आता त्याच्याकडे पाच ‘० चुका’ होत्या.

तिसरा मार्ग टेस्टिंगवाल्या सहकाऱ्याचा. “एजंट हवाच कशाला? पाचही टूल्स ठरलेल्या क्रमाने सीआयमध्ये चालवा, साधी स्क्रिप्ट लिहा.” सीआय म्हणजे कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासण्या. मी तेव्हा तो मार्ग उडवून लावला. माझं म्हणणं असं की इंग्रजी आणि मराठी मजकूर एकमेकांशी जुळतो का, गद्यातलं वाक्य कोडशी जुळतं का, हे स्क्रिप्टला कळणार नाही. म्हणणं बरोबर होतं, पण त्याचा मुद्दा तो नव्हताच. यावर पुढे येते.

चौथा, वर्णनं नव्याने लिहायची. हा मला अर्थातच आवडला. शब्दांचं काम आहे, म्हणजे माझं काम.

पहिला निर्णय असा झाला की वर्णनं बदलायची, पण ‘आता छान वाटतंय’ यावर थांबायचं नाही. एजंटचं वागणं बदलतं का, ते मोजायचं.

मोजायचं कसं

सर्वांत सोपा मार्ग आम्ही आधी घेतला आणि तो फसला. पाचही वर्णनं दुसऱ्या एका मॉडेलला दिली आणि स्पष्टता, नेमकेपणा, पूर्णता यांवर पाचपैकी गुण मागितले. ‘डॉक्स-व्हॅलिडेट’ला चार मिळाले. शेरा होता, ‘संक्षिप्त आणि सुस्पष्ट.’ परीक्षकाला टूलचा कोड दाखवलाच नव्हता, त्यामुळे ते वर्णन खरं आहे की नाही हे त्याला कळणार कुठून? वाचायला गुळगुळीत असलेल्या वर्णनाला त्याने गुळगुळीत म्हटलं, इतकंच.

मग २४ कामं तयार केली. प्रत्येक काम म्हणजे डॉक्सची एक प्रत आणि त्यात मुद्दाम केलेली एक चूक: जुना आदेश, मेलेला दुवा, चेंजलॉगमध्ये वेगळी आवृत्ती, लेबल नसलेली चौकट. काही प्रतींत चूकच ठेवली नाही, कारण चांगल्या कागदातही खुसपट काढणारा एजंट आम्हाला नको होता. तीन कामं अशी की आमचं एकही टूल ती तपासू शकत नाही, उदाहरणार्थ जुना झालेला स्क्रीनशॉट. तिथे बरोबर उत्तर एकच: ‘हे मला तपासता आलं नाही.’

२४ पैकी ८ कामं बाजूला काढून ठेवली. शेवटपर्यंत त्यांच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं. वर्णनं घासताना आपण नकळत त्याच प्रश्नांसाठी घासतो, गाइड पाठ करून परीक्षेला बसतात तसं.

प्रत्येक काम पाच वेळा चालवायचं ठरलं, कारण तोच प्रश्न, तीच वर्णनं देऊनही एजंट दर वेळी तोच रस्ता धरेल असं नाही. पाचही वेळा बरोबर आला तरच काम पास. प्रत्येक रनला तीन प्रश्न, वेगवेगळे: टूल योग्य निवडलं का? पॅरामीटर योग्य दिली का? आणि अहवालातलं विधान टूलने खरोखर दिलेल्या माहितीवर उभं आहे का?

तिसरा प्रश्न आधी आमच्या यादीत नव्हता. ताईंचा फोन झाला नसता तर आलाही नसता. टूल निवडण्याचीच परीक्षा घ्यायची आपल्याला सवय असते. पण आमच्या मूळ प्रकरणात टूलही बरोबर निवडलं होतं आणि फाइलही. दोन्ही विषयांत पैकीच्या पैकी, आणि अहवाल चुकीचा.

१६ कामं, पाच-पाच वेळा, म्हणजे ८० लॉग. ते आम्ही दोघींनी वाटून, हाताने वाचले. दोन दिवस गेले. मूळ वर्णनांवर १६ पैकी ४ कामं पास.

काय केलं

पहिल्या फेरीत मी वर्णनं लांबलचक लिहिली. कधी वापरावं, कधी वापरू नये, दोन-दोन उदाहरणं, अपवाद. प्रत्येकी जवळजवळ पानभर. निकाल: १६ पैकी ५.

लॉगमध्ये कारण दिसलं. ‘उदाहरण-चालवा’च्या वर्णनात मी नमुना म्हणून इन्स्टॉलेशनच्या पानाचा पत्ता दिला होता. एजंट थकबाकीच्या पानाबद्दल विचारल्यावरही अधूनमधून तोच पत्ता पॅरामीटरमध्ये भरत होता. आणि ‘कधी वापरू नये’च्या याद्या इतक्या लांब झाल्या होत्या की कामाची ओळ मधेच कुठेतरी हरवली होती.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक टूलच्या कोडसमोर बसून एकच प्रश्न लिहून काढला: हे टूल काय *बघत नाही*? त्यातून ‘उदाहरण-चालवा’चं वर्णन असं झालं (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत देते):

‘फक्त “बॅश” लेबल असलेल्या चौकटींतले आदेश वेगळ्या कंटेनरमध्ये चालवतं. लेबल नसलेल्या चौकटी वगळतं. आदेश त्रुटीशिवाय संपला का एवढंच बघतं, आलेलं आउटपुट आजूबाजूच्या मजकुराशी जुळतं का ते बघत नाही. एकही चौकट चालली नसेल तर कागदाबद्दल काहीही निष्कर्ष काढता येत नाही.’

‘डॉक्स-व्हॅलिडेट’चं नाव बदलून ‘आवश्यक-फाइली’ केलं. नुसत्या या नामांतराने चुकीच्या निवडी जवळजवळ थांबल्या. वर्णनावर मी जितका वेळ घालवला त्याच्या मानाने हे थोडं लागलंच. ‘डॉक्स-लिंट’मधली आपोआप दुरुस्ती बंद केली, आणि बदल करणारं टूल वेगळं काढून माणसाच्या परवानगीमागे ठेवलं. ‘हे टूल फाइल बदलतं, जपून’ असं वर्णनात लिहून भागवता आलं असतं. तो मार्ग आम्ही जाणूनबुजून घेतला नाही. जे होऊच नये ते शब्दांच्या भरवशावर कशाला सोडा?

‘लिंक-चेक’ची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती आपल्याच लिपीतली आहे. मराठी पुस्तिकेच्या अनुक्रमणिकेत ‘दुसऱ्या वर्षाची थकबाकी’ या शीर्षकाचा दुवा आहे. टूल म्हणत होतं, असं शीर्षक फाइलमध्ये नाही. एजंट फाइल उघडून बघायचा, शीर्षक समोरच दिसायचं, आणि तो लिहायचा: ‘टूलचा चुकीचा इशारा, दुवा बरोबर आहे.’ मीही पाहिलं. मलाही बरोबरच दिसला.

टूल बरोबर होतं. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर (संगणकातल्या अक्षरांच्या युनिकोड यादीत त्याचा क्रमांक, म्हणजे कोडबिंदू, ०९३१), त्यापुढे हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह, आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) केलं तरी ते एक होत नाहीत. अनुक्रमणिका एका कीबोर्डवर टाइप झाली होती आणि शीर्षक दुसऱ्यावर. ब्राउझरमध्ये क्लिक केल्यावर पान हलत नव्हतं. आजवर कुणी तक्रार केली नव्हती, बहुधा सगळे स्क्रोल करून जात असावेत.

वर्णनात ओळ घातली: ‘तुलना कोडबिंदूंवर होते. दिसायला सारखे दोन मजकूर वेगळे असू शकतात; इशारा आला तर नुसत्या नजरेने तो रद्द ठरवू नये.’ मदत झाली, पण पुरती नाही. एजंट कधी ऐकायचा, कधी पुन्हा ‘मला तर सारखेच दिसतात’वर यायचा.

इथे दुसरा मोठा निर्णय आला. टूलचं आउटपुटच बदलावं का? म्हणजे इशाऱ्यासोबत दोन्ही शब्दांचे कोडबिंदू छापायचे, आणि ‘उदाहरण-चालवा’ने नुसतं ‘अयशस्वी: ०’ न म्हणता ‘एकूण चौकटी १२, चालवल्या ०, वगळल्या १२’ असं सांगायचं. बॅकएंडवाला म्हणाला, मग आपण वर्णनं मोजतोय की टूल्स? दोन्ही एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. त्याचं ऐकलं. आधी फक्त वर्णनांची दुसरी फेरी मोजली: १६ पैकी ९. मग आउटपुट बदलून मोजलं: १४.

चारावरून नऊ शब्दांनी आणि नावाने, नवावरून चौदा आउटपुटने. वर्णन एजंट सुरुवातीला वाचतो. निकाल तो अहवाल लिहिण्याच्या अगदी आधी वाचतो. ‘चालवल्या ०’ हे समोर असताना ‘सर्व चालवली’ असं लिहिणं त्यालाही जड जातं.

वर्णनं मराठीत लिहावीत का, अशीही चर्चा झाली. देवनागरीला टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचतं ते) जास्त लागतात आणि टूल्स इंग्रजी डॉक्सवरही चालतात, म्हणून सोडून दिलं. मोजून बघितलं नाही.

निकाल

शेवटी बाजूला ठेवलेली ८ कामं काढली. नव्या वर्णन-आउटपुटवर ५ पास, जुन्यावर २. १६ मध्ये १४ आणि ८ मध्ये ५. थोडंफार गाइड पाठ झालंच होतं. नापास तिन्हींपैकी दोन स्क्रीनशॉटसारखी, जिथे ‘तपासता आलं नाही’ म्हणायचं होतं. तिथे एजंट अजूनही आजूबाजूचा मजकूर वाचून ‘स्क्रीनशॉट सुसंगत वाटतो’ असं काहीतरी लिहून मोकळा होतो.

आता खरं म्हणजे ताईंना नडलेली पुस्तिकेतली ती चूक नव्या एजंटने पकडली असती का? थेट नाही. ‘उदाहरण-चालवा’ने आदेश चालवला असता, तो त्रुटीशिवाय संपला असता. प्रोग्रामने प्रश्न विचारला नाही, हे त्याच्या कक्षेत येत नाही. फरक एवढाच पडला असता की अहवालात ‘सर्व उदाहरणं चालवून पाहिली’ऐवजी ‘मराठी पुस्तिकेतल्या १२ चौकटी तपासल्या गेल्या नाहीत’ असं आलं असतं, आणि मी त्या सोमवारी पुस्तिका स्वतः उघडली असती.

दोन महिन्यांनी सहावं टूल आलं, इंग्रजी-मराठी परिच्छेद शेजारी ठेवून दाखवणारं. त्याचं वर्णन मी नव्या शिस्तीने लिहिलं होतं. तरी जुनी १६ कामं पुन्हा चालवल्यावर आधी पास असलेली दोन नापास झाली. ‘आवृत्ती’ हा शब्द नव्या वर्णनातही होता, ‘मराठी आवृत्ती’ या अर्थाने, आणि एजंट ‘आवृत्ती-जुळणी’ सोडून तिकडे वळत होता. ‘मराठी मजकूर’ असं केल्यावर दोन्ही परत पास. तेव्हापासून कुठल्याही वर्णनातला एक शब्द बदलला तरी तो कोडसारखाच रिव्ह्यूला जातो आणि सगळी कामं पुन्हा चालतात.

वेगळं काय करता आलं असतं

टेस्टिंगवाल्याची स्क्रिप्ट. एजंट काढून टाका असं तो म्हणतच नव्हता. जे ठरलेलं आहे ते एजंटच्या मर्जीवर सोडू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. फाइली आहेत का, आवृत्ती जुळते का, लेबल नसलेल्या चौकटी किती, यासाठी कुणाच्या निर्णयाची गरज नाही. आता ही तिन्ही सीआयमध्ये आहेत आणि एजंटकडे सहाऐवजी चारच टूल्स उरली आहेत. हे पहिल्या मंगळवारीच केलं असतं तर निम्मी वर्णनं लिहावीच लागली नसती.

त्या एका रात्रीच्या लॉगवर न थांबता बाकीचे लॉगही आधी वाचायला हवे होते. आम्ही मॉडेल बदललं, प्रॉम्प्टमध्ये दम भरला, गुण देणारा परीक्षक नेमला, आणि मग ते सगळे वाचले.

‘तपासतं’ हा शब्द मी आजही वर्णनात दिसला की अडवते. सहकारी त्यावरून चिडवतात. ‘चालवतं’, ‘मोजतं’, ‘तुलना करतं’, ‘आहे का बघतं’ हे सगळं चालेल.

आणि पुस्तिका ऑपरेटर ताईंना वाचायला द्यायला हवी होती. ते आम्ही अखेर केलं, एका दुपारी, स्क्रीन शेअर करून. बॅकअपचं पान त्यांच्याच शब्दांत आहे आता: ‘हा आदेश काही विचारणार नाही. आधी आजच्या पावत्या छापून घ्या.’ त्याच दुपारी त्यांनी पावतीच्या पानावरचा स्क्रीनशॉट दाखवला. त्यातलं बटण दोन रिलीजपूर्वी उजवीकडून डावीकडे गेलं होतं. त्या सोमवारच्या अहवालात तो ‘सुसंगत वाटतो’ असा होता.